लघवीची पिशवी घरी कशी सांभाळावी: लावण्यापासून काढेपर्यंत

कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर आणणारी नळी, लावून रुग्णाला घरी सोडतात तेव्हा सूचना बहुतेक वेळा दोन वाक्यांत आटोपतात: पिशवी भरली की रिकामी करा, आणि अमुक तारखेला दाखवायला या. मधले सगळे दिवस घरच्यांच्या अंगावर. मग काही घरांत पिशवीला हात लावायलाच कुणी धजत नाही आणि ती तुडुंब भरून नळीला ओढत राहते. काही घरांत उलट, रोज नळी सोडवून पिशवी आतून धुतली जाते. यातला दुसरा प्रकार मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो स्वच्छतेच्या नावाखाली चालतो आणि त्याला कुणी हटकत नाही. कॅथेटर आणि पिशवी मिळून एक बंद मार्ग असतो. तो जितक्या कमी वेळा उघडाल तितकं बरं. पुढचं बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

जोडणी कशी असते

मूत्राशयात जाणारी नेहमीची नळी म्हणजे फॉली कॅथेटर. तिच्या आतल्या टोकाजवळ छोटा फुगा असतो आणि त्यात बहुधा १० मिलीच्या आसपास निर्जंतुक पाणी भरलेलं असतं. त्या फुग्यामुळेच नळी आत टिकते. म्हणून फुगा भरलेला असताना नळीला हिसका बसला तर मूत्रमार्गाला जखम होते. बाहेर नळीला साधारणपणे दोन तोंडं असतात. एकाला पिशवी जोडलेली असते. दुसऱ्यावर रंगीत झडप असते, ते फुग्याचं तोंड. त्याला घरच्यांनी कधीही हात लावायचा नाही, तिथून पाणी सोडायचंही नाही. काहींना नळी ओटीपोटाला छोटं छिद्र पाडून बसवलेली असते. पिशवीचे नियम त्यांनाही हेच.

पिशवीच्या वरच्या बाजूला, नळी शिरते तिथे, एकतर्फी झडप असते. आत आलेली लघवी मागे फिरू नये म्हणून ती असते, पण तिच्या भरवशावर पिशवी वर उचलू नका, कारण झडपेच्या अलीकडे नळीत उरलेली लघवी परत मूत्राशयात जाऊ शकते. खाली रिकामी करायची तोटी असते: काही पिशव्यांना खटक्याची, काहींना पिळायची, काहींना आडवी सरकवायची. नवीन प्रकारची पिशवी आणली की रुग्णाला लावण्याआधी तोटी दोनदा उघडून-मिटून बघा.

पिशव्या दोन आकारांच्या वापरतात. मांडीला किंवा पोटरीला बांधायची पायाची पिशवी ३५० ते ७५० मिलीची असते आणि कपड्याआड लपते. पलंगाला अडकवायची मोठी पिशवी २००० मिलीची. हिंडत्या-फिरत्या माणसाला दिवसा पायाची आणि रात्री मोठी सोयीची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सतत मोठीच ठेवली तरी चालते, बदलाबदली तेवढी टळते.

उतार सांभाळा

या सगळ्यात कुठेही पंप नाही. लघवी केवळ उतारावरून वाहते, म्हणून पिशवी कायम मूत्राशयाच्या, म्हणजे ढोबळमानाने कमरेच्या खाली हवी. बसताना, उठताना, कूस बदलताना आणि गाडीत बसतानाही. नियम साधा आहे, पण तो मोडतो तो नेहमी रुग्णाला हलवताना. पलंगावरून खुर्चीत नेताना कुणीतरी मदतीच्या भावनेने पिशवी उचलून रुग्णाच्या पोटावर किंवा मांडीवर ठेवतं, आणि नळीतली सगळी लघवी परत आत जाते. हलवण्याआधी पिशवी रिकामी करा आणि ज्या बाजूला रुग्णाला न्यायचं आहे त्या बाजूला ती आधी सरकवून घ्या. क्षणभर वर उचलणं अगदीच टळत नसेल तर तेवढ्यापुरती नळी बोटांनी दाबून धरा, आणि खाली आणताक्षणी सोडा. नळीवर चिमटा लावला असेल तर तो विसरण्याचा धोका फार. दोन-तीन तास चिमटा तसाच राहिला की रुग्ण कळवळतो आणि घरचे पोटदुखीचं कारण भलतीकडेच शोधत बसतात.

पलंगाला पिशवी अडकवताना वर-खाली होणाऱ्या कठड्याला अडकवू नका. कठडा वर केला की पिशवीही वर जाते किंवा नळी ताणली जाते. पलंगाच्या न हलणाऱ्या चौकटीला आकडा लावा, किंवा पिशवीचा स्टँड घ्या. पिशवी जमिनीला टेकू देऊ नका. तोटी खालीच असते आणि जमिनीवरची घाण थेट तिला लागते. पलंग अगदी बुटका असेल तर पिशवीखाली रोज धुता येईल असं घमेलं ठेवा. चाकाच्या खुर्चीत पिशवी आसनाखाली, चाकात नळी अडकणार नाही अशी.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लांब नळी पिशवीच्याही खाली लोंबून वर चढत असेल तर त्या झोळात लघवी साचते आणि वरून येणारी अडते. पिशवी रिकामी दिसते, मूत्राशय मात्र भरलेलं. जास्तीची नळी अंथरुणावरच सैल वेटोळं करून ठेवा आणि तिथून ती सरळ पिशवीत उतरू द्या. रुग्णाच्या अंगाखाली नळी दबलेली नाही हे प्रत्येक वेळी कूस बदलल्यावर पाहा. दबलेल्या नळीने त्वचेवर वळ उठतात आणि अंथरुणावरच्या रुग्णाला तिथेच जखम धरते.

पिशवी रिकामी करणं

पिशवी अर्धी ते दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. काठोकाठ भरायची वाट पाहू नका, कारण वजन शेवटी फुग्यावर येतं. पायाची पिशवी तीन-चार तासांत बघावी लागते, मोठी दिवसातून निदान दोनतीनदा.

१. हात साबणाने धुवा. रुग्ण तुमच्या घरचा असला तरी धुवा. पगारी मदतनीस असेल तर प्रत्येक रुग्णासाठी नवे हातमोजे, आणि हातमोजे घातले म्हणून हात धुणं माफ होत नाही.

२. फक्त याच कामाचं, मापाच्या खुणा असलेलं भांडं तोटीखाली धरा. घरात दोन रुग्ण असतील तर दोन भांडी.

३. तोटी उघडा. तिचं टोक भांड्याच्या काठाला किंवा साचलेल्या लघवीला टेकू देऊ नका. जंतू वर चढायची ही दुसरी वाट. पहिली वरच्या जोडाची.

४. पूर्ण रिकामी झाली की तोटी मिटा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि त्याच्या खाचेत परत खोचा.

५. माप भांड्यावरून लिहा. पिशवीवरच्या खुणा अंदाजाच्या असतात, कारण पिशवी फुगते तशी पातळी बदलते. रंग आणि गढूळपणा तेव्हाच बघून घ्या.

६. लघवी संडासात ओता, भांडं धुवून उपडं वाळत घाला, हात पुन्हा धुवा.

पिशवी बदलणं

साधारण पाच ते सात दिवसांनी पिशवी बदलतात. पाकिटावर बनवणाऱ्याने वेगळी मुदत दिली असेल किंवा डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तसं करा. मुदतीआधी बदलायची कारणं: पिशवी गळते, तळाशी गाळ चिकटलाय, धुऊन न जाणारा वास येतोय, किंवा जोड निसटून टोक कुठेतरी लागलंय. नवा कॅथेटर घातला की पिशवीही नवीच.

आधी सगळं हाताशी मांडा: नवी पिशवी, स्पिरिटचे बोळे, खाली घालायला जुना टॉवेल किंवा पॅड. नव्या पिशवीची तोटी बंद आहे का ते पाहून घ्या, नाहीतर पहिली धार जमिनीवर. जुनी पिशवी रिकामी करा. हात धुऊन कॅथेटर आणि पिशवीच्या नळीचा जोड स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर घाई करण्यात अर्थ नाही, ते वाळतानाच काम करतं. नव्या पिशवीच्या टोकावरचं टोपण सैल करा, पण काढू मात्र नका.

आता एका हाताने कॅथेटर जोडाच्या जवळ पक्का धरा आणि बोटांनीच दाबून ठेवा. कात्रीसारख्या चिमट्याने नळीला चिरा पडतात. दुसऱ्या हाताने जुनं टोक पिळत पिळत सोडवा. सरळ ओढलं की ओढ आत फुग्यापर्यंत जाते. नवं टोपण काढा, टोकाला बोट न लावता ते कॅथेटरमध्ये घट्ट बसवा, बोटांचा दाब सोडा. चार मिनिटं थांबून लघवी उतरताना डोळ्यांनी बघा. नवं टोक चुकून कशाला लागलं तर ते स्पिरिटने नीट पुसून वाळवा, किंवा हाताशी दुसरी पिशवी असेल तर तीच वापरा. शेवटी पिशवीवर पेनाने तारीख. अमुक पिशवी कधी लावली हे घरात कुणालाच आठवत नसतं.

रात्रीची पिशवी

रात्री पायाची पिशवी काढून मोठी लावायची आणि सकाळी पुन्हा उलट, असं बरेच जण करतात. म्हणजे दिवसातून दोनदा जोड उघडतो. त्यापेक्षा चांगला मार्ग आहे: पायाची पिशवी तशीच ठेवायची, तिच्या खालच्या तोटीला मोठ्या पिशवीची नळी जोडायची आणि तोटी उघडी ठेवायची. लघवी पहिल्या पिशवीतून वाहत दुसरीत जाते आणि कॅथेटरचा जोड आठवडाभर मिटलेला राहतो. पायाचे पट्टे रात्री सैल करा. सकाळी आधी तोटी बंद, मग मोठी पिशवी सोडवायची. क्रम उलटा झाला तर अंथरूण बदलावं लागतं. तोटी उघडायची राहून गेली तर भरतं मूत्राशय, म्हणून झोपण्याआधी एकदा हाताने तपासा.

काही आरोग्यव्यवस्थांत रात्रीची पिशवी एकदाच वापरून टाकून देतात. हे सगळ्यांना परवडत नाही. पुन्हा वापरायची असेल तर थंड पाण्याने विसळा, मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी हे मिश्रण आत घालून हलवा, वीस-तीस मिनिटं ठेवा, ओतून टाका, तोटी उघडी ठेवून उलटी टांगून पूर्ण वाळवा आणि नळीच्या टोकावर स्वच्छ टोपण घाला. उकळतं पाणी वापरू नका, प्लास्टिक आणि जोड बिघडतात. धुतलेली पिशवी फक्त त्याच रुग्णाला. आणि ही धुलाई सोडवलेल्या रात्रीच्या पिशवीसाठी आहे. लावलेली पिशवी केवळ धुण्यासाठी सोडवायची नाही.

नळी बांधणं आणि अंगाची स्वच्छता

कॅथेटर मांडीला पट्ट्याने किंवा चिकटपट्टीने अडकवलेला हवा, म्हणजे पिशवीची ओढ मांडीवर थांबते. पुरुषांना मांडीच्या पुढच्या भागावर किंवा ओटीपोटावर, स्त्रियांना मांडीच्या आतल्या बाजूला. पाय पसरला किंवा दुमडला तरी ताण येणार नाही एवढा ढिलेपणा ठेवा. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. पट्टी बदलताना मांडी बदला. सतत एकाच बाजूला ओढ राहिली तर मूत्रमार्गाचं तोंड तिथे चिरत जातं.

नळी जिथून बाहेर येते ती जागा दिवसातून एकदोनदा आणि शौचानंतर प्रत्येक वेळी साध्या साबणाने आणि पाण्याने धुवा. स्त्रियांनी पुढून मागे. पुरुषांनी शिश्नावरची त्वचा मागे घेऊन धुवावी आणि नंतर आठवणीने पुढे आणावी. ती मागेच राहिली तर सूज येऊन अडकते आणि नवंच संकट उभं राहतं. नळी पुसताना शरीरापासून बाहेरच्या दिशेने पुसा. पावडर, अत्तराचे साबण, जंतुनाशक क्रीम यांची गरज नाही, त्वचा चिडते एवढंच होतं. पेट्रोलियम जेली तर नकोच, रबरी कॅथेटर तिने कमकुवत होतो. आंघोळ बंद करायचं कारण नाही. पिशवी रिकामी करून लावलेल्या अवस्थेतच पाणी अंगावर घ्या, नंतर पट्टे कोरडे करा.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, दिवसभर विभागून. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर त्यांचंच ऐका. बद्धकोष्ठाकडे मात्र फारच दुर्लक्ष होतं. भरलेलं मोठं आतडं नळीवर दाब देतं, लघवी अडते किंवा नळीच्या बाजूने गळायला लागते, आणि सगळे पिशवीला दोष देतात.

पिशवीत काहीच येत नाही तेव्हा

प्रौढ माणसाला तासाला साधारण त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा मिली लघवी व्हायलाच हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली. दोन-तीन तास पिशवीत थेंब नाही, असं दिसलं तर रुग्णापासून पिशवीपर्यंत नळीवरून हात फिरवत जा. अंगाखाली दबली का, पिळा पडला का, चिमटा राहिला का, पायाचा पट्टा करकचून आवळलाय का, झोळ झालाय का, पिशवी कमरेच्या वर आहे का, ती फुगून भरली आहे का. रुग्णाला कुशीवर वळवा, चालत असेल तर चार पावलं चालवा. कधीकधी कॅथेटरचं टोक मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि एवढ्या हालचालीने सुटतं. शेवटचं शौच कधी झालं ते विचारा.

एवढं करूनही लघवी येत नाही आणि ओटीपोट ताठरलंय, दुखतंय, तर नळी आतून तुंबली आहे असं समजा आणि लगेच दवाखाना गाठा. अशा वेळी दोन लिटर पाणी पाजून 'जोर लावणं' म्हणजे भरलेल्या मूत्राशयात आणखी भर. सिरिंजने पाणी ढकलून नळी साफ करण्याचा प्रयोगही नर्सने शिकवला असेल तरच.

ज्यांच्या पाठीच्या कण्याला मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झाली आहे त्यांच्या बाबतीत हे आणखी तातडीचं. तुंबलेल्या लघवीने त्यांचा रक्तदाब एकदम चढतो: डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. त्यांना ताबडतोब उठवून बसवा, कपडे आणि पट्टे सैल करा, नळीतला अडथळा शोधा, आणि तो लगेच सापडला नाही तर रुग्णवाहिका बोलवा.

ज्यांची नळी वारंवार तुंबते त्यांच्या नळीत बहुधा खडूसारखा थर जमत असतो. प्रोटियस जातीचे जंतू युरिया फोडून लघवी अल्कधर्मी करतात आणि त्यातले क्षार नळीत बसतात. काढलेला कॅथेटर डॉक्टरांना दाखवा. बदलण्याचं अंतर त्यावरून ठरवता येतं. तुंबत नसेल तर पूर्ण सिलिकॉनचा कॅथेटर बारा आठवड्यांपर्यंत ठेवतात, साधा आवरण दिलेला रबरी त्याहून खूपच आधी बदलावा लागतो. नेमकी तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.

नळीच्या बाजूने गळणं याचं एक कारण तुंबणं, दुसरं मूत्राशयाचे झटके, म्हणजे ते अचानक आवळणं. पिशवीत लघवी येत असूनही गळत असेल तर बहुधा झटके. त्यावर औषध असतं. 'आणखी जाड नळी घाला' हा आग्रह धरू नका, जाड नळीने झटके वाढतात.

रंग, वास आणि अँटिबायोटिकचा मोह

नळी महिनाभर राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. त्यामुळे केवळ वास आला, लघवी थोडी गढूळ झाली किंवा तपासणीत जंतू निघाले म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नये. ते जंतू जात नाहीत, औषधाला दाद न देणारे मात्र उरतात. ताप, थंडी वाजून हुडहुडी, कमरेच्या बाजूला दुखणं, ओटीपोटात नवं दुखणं, वयस्कर माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं किंवा मलूल होणं ही संसर्गाची लक्षणं. मग तपासणीचा नमुना घ्यायचा, तोही पिशवीतून नाही. पिशवीत तासन्‌तास जंतू वाढत असतात. नळीवर नमुन्यासाठी वेगळी जागा असते, तिथून नर्स घेते.

कॅथेटर बदलल्यावर एखादा दिवस लघवी गुलाबीसर दिसते, ते चालतं. लालभडक रक्त किंवा गुठळ्या चालत नाहीत. आणि पिशवी चक्क जांभळी झाली तर घाबरू नका. बद्धकोष्ठ असलेल्या वयस्कर रुग्णांत, विशेषतः स्त्रियांत, काही जंतू लघवीतल्या द्रव्यांपासून निळे-लाल रंग बनवतात आणि ते प्लास्टिकवर चढतात. दिसायला भयंकर, एरवी निरुपद्रवी. डॉक्टरांना कळवा, पोट साफ होतंय ना बघा, पिशवी बदला.

कॅथेटर निसटून बाहेर आला तर परत घालू नका. ओटीपोटातल्या नळीचं छिद्र काही तासांतच आकसायला लागतं, म्हणून स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात निघा आणि निसटलेली नळी सोबत घ्या, जाडीचा क्रमांक तिच्यावरच छापलेला असतो.

नळी काढायची वेळ

प्रत्येक भेटीत विचारा: याची अजून गरज आहे का? अनेकदा कॅथेटर केवळ कुणी विचारलं नाही म्हणून राहून जातो. तो काढल्यावर पहिल्या दिवशी लघवी मोजत राहा. थोडी जळजळ होते, वारंवार जावंसं वाटतं, ते एकदोन दिवसांत ओसरतं. सहा तासांत लघवी झाली नाही, किंवा त्याआधीच ओटीपोट फुगून दुखायला लागलं, तर सकाळपर्यंत थांबू नका, तेव्हाच दाखवा. वापरलेली पिशवी संडासात रिकामी करून, दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. पाकिटातल्या न उघडलेल्या पिशव्या कोरड्या जागी ठेवा, मुदत संपेपर्यंत त्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील.